नव्या घराचा आराखडा



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण नेहमी खर्चाच्या संदर्भात वापरतो. सिमेंट किती महागले, वाळू मिळेना झाली, गवंडी आज येतो म्हणाला आणि चार दिवस तोंड दाखवत नाही, हे सगळे त्या म्हणीत येते. हे त्रास खरेच आहेत. पण घर उभे राहिले, वास्तुशांत झाली, मंडळी जेवून गेली, की वर्षभरात माणूस ते विसरतो. जे विसरता येत नाही ते निराळे असते. रात्री उठून संडासला जाताना रोज ज्या उंबऱ्याला ठेच लागते तो उंबरा, भर दुपारी दिवा लावल्याशिवाय ज्या खोलीत भाजी निवडता येत नाही ती खोली, पाहुणा आला की घरातल्या सुनेला जिथून जाता-येता येत नाही ते दार, या गोष्टी पुढची चाळीस-पन्नास वर्षे आपल्याबरोबर राहतात. आणि गंमत अशी की, त्या सुधारायला एक रुपयाही लागला नसता. कागदावर खोडरबर फिरवले असते तरी भागले असते.

म्हणून आज मी सिमेंट-सळईबद्दल बोलणार नाही. पाया खोदण्याआधी जो कागद आपल्या हातात असतो, ज्याला आपण नकाशा किंवा हल्ली 'प्लॅन' म्हणतो, त्याबद्दल बोलणार आहे. मी इंजिनिअर नाही. भूगोल शिकवणारा माणूस आहे. पण ऊन कुठून येते, वारा कुठे जातो आणि माणसे कशी राहतात, हा भूगोलाचाच विषय आहे, तेव्हा माझा थोडाफार अधिकार आपण मान्य करावा.

माझा एक जुना विद्यार्थी बार्शीच्या बाजूला शेती करतो. गावठाणातले वडिलोपार्जित घर भावकीत वाटले गेले, तेव्हा त्याने गावाबाहेरच्या रस्त्याला दोन गुंठ्यांचा तुकडा घेतला. सोसायटीचे कर्ज काढले, बैलजोडी विकली. घरात तो, त्याची बायको, दहावीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला. तालुक्याच्या गावी एकाकडून नकाशा काढून घेतला आणि पाया खोदण्याआधी तो मला दाखवायला घेऊन आला. "सर, जरा नजर टाका," म्हणाला.

नकाशा देखणा होता. संगणकावर काढलेला, रंगीत, दारांत फुलझाडांच्या कुंड्यासुद्धा. घर पूर्व-पश्चिम पंचवीस फूट आणि दक्षिणोत्तर तीस फूट, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. रस्ता उत्तरेला. दारातून आत आले की चौदा बाय बाराचा 'हॉल'. हॉलमधूनच गच्चीवर जाणारा जिना. हॉलच्या मागे पंधरा फूट लांब आणि चार फूट रुंद बोळ. बोळाच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला दोन 'बेडरूम', आणि टोकाला एकत्र मोरी-संडास, ज्याचे दार स्वयंपाकघराच्या दारासमोर. ओसरी नाही, मागचे दार नाही. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट उचलून बार्शीच्या काळ्या मातीत आणून ठेवावा, तसे ते घर होते. फ्लॅटला मागचे दार नसते याला कारण आहे. तिथे मागे परसू नसते, चाळीस फूट खोल हवा असते!

मी त्याला एवढेच विचारले, "यात तुझी आई कुठे झोपते?"

तो म्हणाला, "हॉलमध्ये दिवाण टाकायचा की, सर."

आता हेच पाहा ना. साडेसातशे चौरस फुटांच्या घरात प्रत्येक खोलीला नाव होते. एक 'मास्टर बेडरूम' होती, एक 'चिल्ड्रन बेडरूम' होती. ज्या बाईने जन्मभर त्या कुटुंबाचे घर सांभाळले तिच्या नावाची जागा मात्र नव्हती. टीव्ही लागला की ती उठून बसणार, पाहुणे आले की दिवाण मोकळा करून देणार, आणि रात्री संडासला जायचे तर हॉल ओलांडून, पंधरा फुटांचा अंधारा बोळ ओलांडून, ओल्या फरशीवर पाय ठेवणार. म्हातारपणी माणूस एकदा पडले आणि कंबरेचे हाड मोडले की पुढचे दिवस अंथरुणातच जातात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी आपापल्या घरी पाहिले आहे. नकाशा काढणाऱ्याचा यात दोष नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते की घरात पाच माणसे आहेत.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, नकाशा काढायला जाताना खोल्यांची यादी घेऊन जाऊ नका, माणसांची यादी घेऊन जा. कोण कुठे झोपते, कोण पहाटे उठते, अभ्यास कोण करते, आजारी कोण पडते, बाळंतपणाला कोण येते. त्याखाली सामानाची यादी. वीस पोती ज्वारी कुठे राहील? फवारणीचा पंप आणि औषधे कुठे? कारण औषधांची बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेली मी पाहिली आहे, आणि ती कल्पना अंगावर काटा आणणारी आहे. तिला कुलूपबंद जागा घराबाहेरच हवी.

आपल्या जुन्या घरांत ही यादी आपोआप पाळली जात होती. ओसरीवर परका माणूस बसे, सोप्यात ओळखीचा येई, माजघर घरच्या बायकांचे, त्यापलीकडे स्वयंपाकघर, आणि मागे पडवी, मोरी, परसू. जसजसे आत जावे तसतसा आडोसा वाढत जाई. मी जुन्या घराचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. माजघरात उजेड नसे. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे जात, छाती भरत असे. बाळंतिणीला सगळ्यांत अंधारी खोली देत. आणि मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांचे वजन काय असते ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे कळले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत बसवलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, त्यांना आतून-बाहेरून बांधून धरणारे आरपार दगड नाहीत, आणि वर दोन-दोन फूट मातीचे छप्पर. ते सगळे झोपलेल्या माणसांवर आले.

पण किल्लारीची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ज्या गावांची पार वाताहत झाली होती त्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसवली. जमिनीच्या धारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे दिली. घरे भक्कम होती, रस्ते रुंद होते, सगळे आखीवरेखीव. आणि लोकांनी काय केले? काही वर्षांतच घरापुढे पत्र्याचे छप्पर टाकले, मागे चुलीसाठी आडोसा केला, भोवती भिंत घालून अंगण बंदिस्त केले, जनावरांसाठी कुडाची खोपी उभी केली. ज्या जागा नकाशात नव्हत्या त्या लोकांनी आपल्या हातांनी परत आणल्या. एवढ्या मोठ्या संकटानंतर तातडीने घरे देणाऱ्यांना नावे ठेवायची नाहीत. पण आपल्या राहणीत नसलेला नकाशा आपण स्वीकारला तर आपण त्याला पत्र्यांची ठिगळे लावत बसतो, हे तिथे लखलखीत दिसले. स्वतःचे घर स्वतः बांधणाऱ्याने तरी आधीच शहाणे व्हायला काय हरकत आहे?

तर त्या बार्शीच्या नकाशाचे आम्ही काय केले ते सांगतो. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

सगळ्यांत आधी बोळ. चार फूट गुणिले पंधरा फूट, साठ चौरस फूट. समजा बांधकामाचा खर्च चौरस फुटाला पंधराशे रुपये धरला, तर नव्वद हजार रुपये केवळ चालण्यासाठी. बोळात कुणी बसत नाही, झोपत नाही, काही ठेवत नाही. त्याखेरीज जिन्याने खाल्लेले पन्नास फूट. हॉल एकशे अडुसष्ट फूट. हे तिन्ही मिळून झाले दोनशे अठ्ठ्याहत्तर. आम्ही हॉल हा शब्दच खोडला. जिना घराबाहेर काढला, बोळ मोडला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत पुढे सहा फूट खोल अशी घराच्या निम्म्या रुंदीची ओसरी आणि तिच्या मागे बारा फुटांच्या आसपासचे चौकोनी माजघर बसले. माजघरातूनच झोपण्याच्या दोन्ही खोल्यांत आणि स्वयंपाकघरात दारे. म्हणजे जी जागा नुसती चालायची होती तीच राहायची झाली. तिथेच जेवायची पंगत, तिथेच टीव्ही, तिथेच मुलाचे अंथरूण.

ओसरी उत्तरेला आली हे भाग्यच म्हणायचे. आपल्याकडे पावसाचा झोत पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तो ओसरीत शिरत नाही. आणि उत्तरेकडून ऊन वर्षातले फार थोडे दिवस येते. पाहुणा-रावळा, सोसायटीचा माणूस, मुलाचे मित्र, सगळे ओसरीवर. चहा बाहेर येतो, आणि आतल्या बाईला आपल्याच घरात चोरासारखे वावरावे लागत नाही.

मागच्या बाजूला स्वयंपाकघराच्या शेजारून तीन फूट रुंदीची पडवी ठेवली आणि तिच्या टोकाला परसात उघडणारे दार. आपण म्हणाल, बोळ मोडून पुन्हा बोळच केला! तसे म्हणा हवे तर. पण हा आधीच्याच्या निम्मादेखील नाही, याला उघड्यावर दार आहे, आणि पुढचे व मागचे दार उघडले की घरातून वारा आरपार वाहतो. शेतावरून आलेला माणूस मागच्या दाराने येतो, मोरीवर पाय धुतो, मग घरात शिरतो. आधीच्या नकाशात चिखलाचे पाय हॉलमधून मोरीपर्यंत गेले असते, आणि पुसायला कोण होते हे सांगायला नको.

मोरी आणि संडास वेगळे केले. चार बाय नऊच्या जागेत अर्ध्या विटेची भिंत घातली की एकीकडे पाच फुटांची मोरी, दुसरीकडे साडेतीन फुटांचा संडास होतो. पहाटे शाळेची, शेताची, दुधाची घाई असते. एक अंघोळीला गेला की बाकीचे चौघे ताटकळत उभे, असे होत नाही. दोन्हींची दारे बाहेर उघडणारी केली. हे लक्षात ठेवा. म्हातारे माणूस आत पडले आणि दार आत उघडणारे असेल, तर पडलेल्या माणसाच्याच अंगाने दार अडते आणि ते फोडावे लागते.

या मोरी-संडासाला लागून जी खोली होती, नकाशातली 'चिल्ड्रन बेडरूम', ती आईची केली. तिला एक दार माजघरात आणि दुसरे मागच्या पडवीत. खाटेपासून संडासापर्यंत सात-आठ पावले, मध्ये उंबरा नाही, दार तीन फुटांचे. उद्या काठीच्या जागी कुबडी आली किंवा चाकाची खुर्ची आली तरी ती जाते. भिंतीत हाताला धरायला एक लोखंडी दांडी. नात आजीजवळच झोपणार, कारण तशी ती आधीही झोपत होतीच. तिच्या अभ्यासाचे टेबल मात्र माजघरात पूर्वेच्या खिडकीखाली ठेवले. सकाळचा उजेड आणि डोक्यावर पंखा. दहावीच्या मुलीला आणखी काय हवे? शांतता हवी, म्हणाल. ती टीव्हीच्या मालकाने ठरवायची गोष्ट आहे, नकाशाची नाही.

इथे एक हरकत आली. मुलाच्या चुलत्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "नैऋत्येला संडास? चालत न्हाई." वास्तुशास्त्राचा प्रश्न आता प्रत्येक घरात येतो, तेव्हा त्याबद्दल माझे मत स्पष्ट सांगतो. त्यातल्या काही संकेतांना आपल्या हवेत अर्थ आहे. स्वयंपाकघर आग्नेयेला असावे म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे आग्नेय कोपऱ्यातला धूर घरात न फिरता बाहेर निघून जातो, आणि सकाळचे ऊन पहिल्यांदा तिथेच येते. आम्ही स्वयंपाकघर आग्नेयेलाच ठेवले. पण ज्या संकेतापायी घरातल्या माणसाला रोज त्रास होणार, तो संकेत घरासाठी आहे की घर संकेतासाठी, हे ठरवायला हवे. वाऱ्याचा विचार करून आम्ही संडासाची हवा जाण्याची नळी छपराच्या वर नेली, खिडकी पश्चिमेला बाहेर काढली. चुलते तरी राजी होईनात. शेवटी खुद्द म्हातारीनेच विचारले, "आन् रातच्याला मला उठायचं झालं, तर तुमी येनार हाय का हाताला धरायला?" त्यावर ते हसले आणि विषय संपला.

संडास नव्याने बांधत असाल तर खड्ड्यांची जागा नकाशातच दाखवून घ्या. दोन शोषखड्ड्यांचा संडास शेतकऱ्याला सोयीचा. एक खड्डा चालू ठेवायचा, तो भरला की दुसऱ्याकडे तोंड वळवायचे. बंद केलेल्या खड्ड्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, वास न येणारे खत होते. विहीर किंवा बोअर यांपासून खड्डे पन्नास फूट तरी दूर हवेत. घर झाल्यावर जागा शोधू म्हणणाऱ्यांचे खड्डे हटकून पाण्याजवळ येतात.

आता ऊन. ही माझी हातखंडा गोष्ट आहे, म्हणून जरा रेंगाळतो. बार्शी साधारण सव्वाअठरा अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य तिथे नेमका डोक्यावर येतो, त्या क्षणी उभ्या काठीला सावली राहत नाही. मग तो किंचित उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परतताना पुन्हा डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे कलतो, आणि दुपारी क्षितिजापासून सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो. याचा घराशी संबंध असा. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दीड फुटांचा छज्जा काढला, तर 21 मार्चच्या दुपारी त्याची सावली साडेचार फूट खाली येते, म्हणजे सगळी खिडकी झाकते. त्यापुढे उन्हाळाभर दुपारचे ऊन आत येत नाही. पण डिसेंबरात तीच सावली पावणेदोन फूटच पडते आणि खिडकीच्या उरलेल्या भागातून ऊन थेट आत येते, ज्या दिवसांत आपल्याला ते हवेच असते. बिनखर्चाचा पंखा आणि बिनखर्चाची शेगडी! पश्चिमेला मात्र हा छज्जा कामाचा नाही. चार-पाचचा सूर्य इतका खाली असतो की छज्ज्याखालून आत डोकावतो आणि भिंत तापवतो. ती तापलेली भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. आमच्या झोपायच्या दोन्ही खोल्या पश्चिमेलाच राहिल्या होत्या, त्यांना हलवायला जागा नव्हती. म्हणून बाहेर काढलेला जिना त्याच भिंतीला लावला. जिन्याची सावली भिंतीवर, जिन्याखाली सरपण आणि पाणी तापवायचा बंब, आणि पलीकडे दोन शेवगे. शेवगा वर्षा-दोन वर्षांत सावली धरतो. लिंब लावायचा असेल तर घरापासून दूर, मुलांच्या काळासाठी लावावा.

जिना बाहेर काढण्यात आणखी एक हेतू होता, तो मी विद्यार्थ्याला खाजगीत सांगितला. आपल्याला उघड सांगतो. पुण्याचा भाऊ उद्या गावी आला, त्याने वर दोन खोल्या चढवल्या, तर त्याच्या बायकोमुलांना वहिनीच्या माजघरातून वर जावे लागू नये. घरे वाटली जातात ती बहुधा भांडणाने, आणि भांडणे पुष्कळदा एकाच दारातून जाण्या-येण्यावरून सुरू होतात. त्याचे स्वतःचे जुने घर कसे गेले ते त्याच्या समोरच होते.

धान्यासाठी माजघराच्या कोपऱ्यात सात बाय चारचा कोनाडा काढला. खाली फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, एकावर एक पाच थर. वीस पोती बसतात. जुन्या वाड्यातले बळद आता कुणी बांधणार नाही, आणि बांधूही नये, पण पोती खाटेखाली ढकलून झोपण्यातही काही शहाणपण नाही.

खिडक्या-दारांबद्दल थोडे भूकंपाच्या अंगाने. भिंतीच्या कोपऱ्याला लागून दार-खिडकी नको, कोपऱ्यापासून दोन फूट तरी सोडा. आणि एका भिंतीतल्या सगळ्या मोकळ्या जागा मिळून भिंतीच्या निम्म्याहून कमी असाव्यात. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा घराला कमरपट्ट्यासारखा बांधून धरतो. आतल्या विभाजनाच्या भिंतीतले दार मात्र मधोमध नको, थोडे एका अंगाला सरकवा. दहा फुटांच्या भिंतीत मधोमध तीन फुटांचे दार बसवले की दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन फूट उरतात. साडेसहा फुटांची खाट एकाही बाजूला भिंतीला लागत नाही. तेच दार एका टोकाकडे दोन फुटांवर आणले तर दुसरीकडे पाच फुटांची सलग भिंत मिळते. कपाट तिथे, आणि खाट समोरच्या भिंतीला. किती साधी गोष्ट, पण किती घरांत कपाट खिडकीपुढे उभे दिसते ते आठवून पाहा.

हे सगळे कागदावर झाले. पण फूट म्हणजे काय हे कागदावर कळत नाही. म्हणून आम्ही एका संध्याकाळी जागेवर गेलो आणि फक्कीने सगळा नकाशा जमिनीवर खऱ्या मापाने आखला. जिथे दार तिथे रेघ सोडली. एक खाट आणि दोन पोती नेऊन ठेवली. मग घरच्या मंडळींना म्हटले, आता इथे राहून दाखवा. सुनेने कमरेवर रिकामी घागर घेतली आणि मागच्या दारापासून ओट्यापर्यंत चालत गेली. पहिल्यांदा तिला दोन ठिकाणी वळावे लागले. ती म्हणाली, "सर, हे दार दीड फूट अलीकडं घेतलं तर?" घेतले. इंजिनिअरला जे सुचले नाही, मला जे सुचले नाही, ते घागर कमरेवर असलेल्या बाईला एका फेरीत दिसले. म्हातारी काठी टेकत आपल्या खोलीच्या रेघांत गेली, मध्ये उभी राहिली, आणि खाटेचे डोके पूर्वेला करायला सांगितले. म्हणाली, पडल्या-पडल्या माजघर दिसलं पाहिजे.

साडेसातशे फूट सगळ्यांच्या नशिबी नसतात हे मला माहीत आहे. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाचे कमीत कमी क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह पंचवीस चौरस मीटर ठरवले, म्हणजे साधारण दोनशे सत्तर चौरस फूट. त्यातले घर लाभार्थ्याने स्वतः उभारायचे असते, तेव्हा आतली रचना ठरवणे त्याच्याच हाती येते. जागा लहान असेल तितका विचार जास्त हवा. तिथे एक मोठी खोली, तिला लागून ओट्याचे स्वयंपाकघर, आणि पुढे पाच फुटांची ओसरी, एवढे केले तरी पुष्कळ झाले. मात्र मागचे दार सोडू नका, आणि पुढे कधी खोली वाढवायची झाली तर ती कोणत्या बाजूला, हे आजच ठरवून त्या बाजूच्या भिंतीत दाराएवढी चौकट घालून विटांनी बुजवून ठेवा. पुढे भिंत फोडावी लागत नाही. छपराचे पाणीही वाया घालवू नका. साडेसातशे फुटांच्या गच्चीवर वर्षात पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तरी पस्तीस हजार लिटर पाणी पडते. सगळे हाती लागणार नाही. पण उताराच्या नळ्या कोणत्या कोपऱ्यात उतरतील आणि टाकी किंवा बोअरचा शोषखड्डा कुठे, एवढे नकाशात असावे.

आता शेवटी शिक्षक बंधुभगिनींना थोडे. सातवी-आठवीच्या मुलांना प्रमाणमाप शिकवताना आपण पुस्तकातल्या नकाशावर थांबतो. त्यांना आलेखाचा कागद द्या, पाच मिलिमीटरला एक फूट हे माप ठरवा, आणि आपापले घर मोजून काढून आणायला सांगा. तीस फुटांचे घर पंधरा सेंटिमीटरांत बसते, वहीच्या पानावर मावते. पुठ्ठ्याचे सव्वातीन बाय दीड सेंटिमीटरांचे तुकडे कापले की खाटा झाल्या. त्या नकाशावर ठेवून पाहू द्या. मग एक काम आणखी. रविवारी सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत आई घरात कुठून कुठे जाते, ते लाल पेन्सिलीने त्याच नकाशावर रेघ न उचलता काढायचे. कुणी हसेल, कुणाची आई रागावेल. चालेल. सोमवारी ते कागद वर्गाच्या भिंतीवर लावा, आणि कोणत्या घरात लाल रेघ सगळ्यांत लांब झाली ते मुलांनाच दोऱ्याने मोजू द्या.